गड पाहणे आणि गड वाचणे : पुणे परिसरातील गिरिदुर्ग आणि त्यांच्या संहिता

'गड पाहणे' हा शब्दप्रयोग मराठीत रूढ असला तरी तो फारसा अन्वर्थक नाही. पुणे शहराच्या नैर्ऋत्येस सिंहगड, त्यापलीकडे राजगड आणि तोरणा, आग्नेयेस पुरंदर, वायव्येस मावळात लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना असे दुर्गांचे एक विस्तृत कडे आहे. शहरातून सकाळी निघून संध्याकाळपर्यंत परतता येईल इतके हे गड जवळ आहेत. रविवारी सिंहगडाच्या आतकरवाडीकडील पायवाटेवर जी वर्दळ असते, तिच्याकडे पाहिले की गडावर जाणे हा पुणेकर मध्यमवर्गाचा जवळजवळ साप्ताहिक आचार झाला आहे, याविषयी शंका उरत नाही. मात्र माथ्यावर पोचल्यानंतर 'पाहण्या'जोगे बांधकाम फार थोडे उरलेले असते. वाड्यांची जोती, खडकात खोदलेली पाण्याची टाकी, तटाचे तुटक पट्टे, एखादा दरवाजा, एखादे देऊळ, इतक्यावर भागवावे लागते. छत असलेली दालने नाहीत, शस्त्रागार नाही, भिंतींवर पूर्वजांची तैलचित्रे नाहीत. तरीही येणारा मनुष्य समाधान पावून परततो, हे लक्षात घेतले म्हणजे त्याला तेथे दिसलेली वस्तू दगडाची नसून मुख्यतः शब्दांची आहे असे मानावे लागते. दुर्गदर्शन हा बऱ्याच अंशी वाचनव्यवहार आहे. या व्यवहारात कोणत्या संहिता वाचल्या जातात आणि कोणत्या गडावर असूनही वाचल्या जात नाहीत, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

तौलनिक साहित्याच्या दृष्टीने या प्रश्नाचे सर्वांत सोयीचे उदाहरण सिंहगडाचे, म्हणजे जुन्या कोंढाण्याचे आहे. या एकाच डोंगरावर भिन्न भाषांतील आणि भिन्न शतकांतील संहितांचे थर साचलेले आहेत. त्यांतील सर्वांत जुना थर मराठी नाही, फारसी आहे. बहमनी राज्याच्या प्रारंभकाळी, इ. स. १३५० च्या सुमारास, इसामी या कवीने 'फुतूह-उस्-सलातीन' हे पद्यबद्ध इतिहासकाव्य रचले. महंमद तुघलकाने कोंढाण्याला घातलेल्या वेढ्याचे वर्णन त्यात येते. गड नागनायक नावाच्या कोळी सरदाराच्या ताब्यात होता आणि तो सुमारे आठ महिने दिल्लीच्या सुलतानाला दाद देत नव्हता. म्हणजे कोंढाण्याच्या साहित्यिक चरित्रातील पहिला नायक एक कोळी नाईक आहे, आणि त्याच्या चिवटपणाची नोंद प्रतिपक्षाच्या भाषेत झालेली आहे. आज गडावर ऐकू येणाऱ्या कथनात या नायकाला क्वचितच जागा मिळते. त्याच्या नावाचा पोवाडा कोणा शाहिराने म्हटल्याचे प्रसिद्ध नाही, आणि ज्याचा पोवाडा नाही तो गडावर दिसत नाही असाच येथला एकंदर नियम आहे.

दुसरा थर सभासदाचा. कृष्णाजी अनंत सभासद याने आपली बखर इ. स. १६९७ च्या सुमारास लिहिली, ती सह्याद्रीत नव्हे, तर छत्रपती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून तमिळ प्रदेशातील जिंजीच्या किल्ल्यात. या स्थळाचे महत्त्व साहित्येतिहासात पुरेसे लक्षात घेतले गेलेले नाही. कोंढाण्याच्या लढाईला तेव्हा सत्तावीस वर्षे होऊन गेली होती. लेखक सह्याद्रीपासून शेकडो मैल दूर होता, आणि जिंजीला मोगलांचा वेढा पडलेला होता. एका वेढलेल्या गडात बसून दुसऱ्या, रात्रीत जिंकलेल्या गडाची हकीकत तो लिहीत होता. सभासदाचे निवेदन अगदी आटोपशीर आहे. निवडक मावळे, रात्रीची वेळ, कडा चढण्याच्या कौशल्याला दिलेली वानराची उपमा, मग हातघाईची लढाई, तानाजी मालुसरे आणि किल्लेदार उदेभान या दोघांचाही मृत्यू. या मजकुरात घोरपड नाही. 'सिंह' हा शब्दही नाही. राजांच्या तोंडी जो उद्गार घातलेला आहे, त्याचा आशय असा की गड हाती आला, पण त्याच्या मोबदल्यात हातचा एक गड गेला. तानाजी हाच एक गड होता, ही ती कल्पना. मनुष्य आणि दुर्ग यांचे हे समीकरण जिंजीत अडकलेल्या राजमंडळाला किती अर्थपूर्ण वाटले असेल, हे निराळे सांगावयास नको. त्या काळी एकामागून एक गड जात होते, राज्य टिकून होते ते माणसांवर.

पुढे याच उद्गारातील 'गड'च्या जागी 'सिंह' आला आणि गडाच्या नावाची व्युत्पत्ती तयार झाली. हरि नारायण आपटे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीने ती घरोघरी पोचवली. वस्तुतः 'सिंहगड' हे नाव इ. स. १६७० पूर्वीच्या कागदपत्रांतही आढळते. गडाला ते नाव तानाजीच्या मृत्यूमुळे पडले असे म्हणण्यास त्यामुळे आधार राहत नाही. इतिहाससंशोधकांनी ही गोष्ट वारंवार सांगूनही लोकमानसातील व्युत्पत्ती तसूभरही हललेली नाही. याला केवळ अज्ञान म्हणून बाजूला सारणे बरोबर होणार नाही. सभासदाचे रूपक समजून घेण्यासाठी राज्याचे राजकीय चित्र डोळ्यांसमोर असावे लागते. 'सिंह' मात्र शाळकरी मुलालाही तत्काळ समजतो, आणि तो गडाच्या नावातच बसलेला असल्याने दर वेळी नव्याने सांगावा लागत नाही. नाव आणि कथा एकमेकांना धरून ठेवतात. अशी गाठ दप्तरातील एखाद्या पत्राने सुटत नाही.

घोरपड येते ती तुलसीदास शाहिराच्या पोवाड्यातून. हॅरी आर्बुथनॉट ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ साली ऐतिहासिक पोवाड्यांचा जो संग्रह प्रसिद्ध केला, त्यामुळे हा पोवाडा छापील संहिता म्हणून स्थिरावला. ॲकवर्थने १८९४ मध्ये निवडक पोवाड्यांचे इंग्रजी पद्यानुवादही प्रसिद्ध केले. पोवाड्याची रचना सभासदाच्या नेमकी उलट आहे. बखरीत जे दोन-चार वाक्यांत संपते, ते येथे विस्तारते. जिजाबाई, सोंगट्यांचा डाव, पणाला लागलेला गड, रायबाच्या लग्नाची तयारी, लग्न बाजूला ठेवून निघालेला तानाजी, आणि कड्याला चिकटून दोर वर नेणारी 'यशवंती' घोरपड. पोवाड्याचा भूगोलही स्वतःचा आहे. जिजाबाई प्रतापगडावरून कोंढाणा पाहते असे शाहीर सांगतो. नकाशा घेऊन बसणाऱ्याला हे खटकते, आणि आज गडावर ही कथा सांगताना बहुधा राजगडाचे नाव घेतले जाते. राजगडावरून सिंहगड खरोखरच समोर दिसतो. म्हणजे गडावर येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोरच्या दृश्याने मूळ संहितेत दुरुस्ती केली. मौखिक परंपरा स्थळाशी कसा व्यवहार करते याचा याहून स्वच्छ पुरावा सहसा हाती लागत नाही.

या चारही संहितांपैकी गडावर आज उभी आहे ती पोवाडा आणि कादंबरी यांच्या संयोगातून सिद्ध झालेली एकच. डोणागिरीचा कडा, तानाजीचे स्मारक, कल्याण दरवाजा अशा क्रमाने पावले पडतात ती त्या कथनाच्या क्रमाने. याच गडावर छत्रपती राजाराम महाराजांचे इ. स. १७०० मध्ये निधन झाले आणि त्यांची समाधीही येथे आहे. लोकमान्य टिळकांचा बंगला आहे. ही स्थळे चुकवली जात नाहीत, परंतु त्यांच्यापाशी थांबण्याचा काळ कमी असतो. जिंजीचा वेढा, नऊ वर्षांचे दूरस्थ राज्य आणि अखेर सिंहगडावरचा मृत्यू या वृत्तान्तात कथाबीज कमी नाही. त्याला शाहीर भेटला नाही, एवढाच त्याचा दोष.

आता एका वेगळ्याच प्रकारच्या संहितेकडे वळावे लागते, कारण दुर्गभ्रमणाच्या मराठी लेखनाची वाक्यरचना तिने घडवली आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअर मालेतील पुणे जिल्ह्यासंबंधीचा अठरावा खंड १८८५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील किल्ल्यांची वर्णने एका ठरावीक पद्धतीने चालतात. शहरापासून अंतर, समुद्रसपाटीपासून उंची, डोंगराचा आकार, चढण्याच्या वाटा, दरवाजे, टाकी, इमारती, आणि शेवटी इतिहास. ही मुळात प्रशासकाची आणि त्याआधी सैन्याच्या मोजणीदाराची नजर आहे. गड जिंकावयाचा असेल किंवा जिंकल्यावर निकामी करावयाचा असेल, तर नेमकी हीच माहिती लागते. १८१८ मध्ये या परिसरातील गड इंग्रजांच्या हाती पडल्यानंतर अनेक ठिकाणी दरवाजे आणि वाटा उद्ध्वस्त करण्यात आल्या. विसापूरचे दरवाजे सुरुंगाने उडवल्याच्या खुणा अजून दिसतात. ज्या नजरेने गड मोडले, तिच्याच क्रमाने विसाव्या शतकातील मराठी किल्लेपुस्तके गडांचे वर्णन करू लागली. अंतर, उंची, वाटा, दरवाजे, टाकी, इतिहास हा क्रम आजच्या खिशात मावणाऱ्या मार्गदर्शिकांतही अबाधित आहे. भाषा मात्र बदलली. मोजणीदाराच्या वाक्यात भक्तीची विशेषणे येऊन बसली. पायथ्याची माती कपाळी लावणे, गडाला प्रदक्षिणा घालणे, गडदेवतेचे दर्शन घेतल्याशिवाय न उतरणे असे आचार तीर्थयात्रेच्या वाङ्मयातून आले. वासाहतिक भूवर्णन, यात्रामाहात्म्य आणि पोवाडा या तिहींच्या मिश्रणातून मराठी दुर्गभ्रमणलेखनाचा वाङ्मयप्रकार घडलेला आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. त्याला निव्वळ देशी परंपरेचा आविष्कार मानणे किंवा निव्वळ वासाहतिक अनुकरण म्हणून हिणवणे, दोन्ही अपुरे ठरते.

राजगड आणि तोरणा यांच्या बाबतीत हे मिश्रण थोडे निराळे झाले. हे दोन्ही गड इंग्रजी अमलाखालील मुलखात नव्हते, ते पंत सचिवांच्या भोर संस्थानात होते. राजगडाला सिंहगडासारखी एकहाती कथाही लाभलेली नाही. सुमारे पाव शतक राज्याची राजधानी असलेल्या या गडावर सईबाईंचे निधन झाले, राजाराम महाराजांचा जन्म झाला, अनेक मोहिमा येथून निघाल्या. परंतु एका रात्रीत घडून संपणारे नाट्य येथे नाही. त्यामुळे राजगडावर गेलेल्याला स्थापत्याकडे पाहावेच लागते. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या आणि मधोमध बालेकिल्ला अशी त्याची रचना आहे. संजीवनी माचीवरील दुहेरी तट, त्या तटांमधील अरुंद पोकळी आणि तिच्यातून उतरणाऱ्या पायऱ्या पाहताना कथेचा आधार पुरत नाही. शत्रू आत शिरला तर तो कोठे कोंडला जाईल, याचा विचार करावा लागतो. येथे दगडच वाक्यरचना शिकवतो.

या वाक्यरचनेचे व्याकरण ज्या ग्रंथात सापडते तो म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावरील 'आज्ञापत्र', इ. स. १७१५-१६ च्या सुमाराचे. राजाराम महाराज जिंजीस असताना महाराष्ट्रातील कारभार ज्यांनी सांभाळला त्या अमात्यांचा हा अनुभवसिद्ध राजनीतिग्रंथ आहे, आणि त्यातील दुर्गप्रकरण मराठी गद्याच्या अभ्यासकाने वारंवार वाचावे असे आहे. गड बांधण्याआधी पाणी पाहावे. पाणी नसेल तर खडक फोडून टाकी खोदावीत. एखादा झरा आहे म्हणून तेवढ्यावर विसंबू नये, कारण लढाईत तोफांच्या हादऱ्यांनी झरे आटतात. एकच दरवाजा असणे हा दोष आहे. दरवाजावर समोरून मारा करता येऊ नये अशी वळणे घ्यावीत. गडावर उपयोगी झाडे लावावीत व राखावीत. केरकचरा गडाखाली टाकून देऊ नये, जागच्या जागी जाळावा आणि ती राख परसातल्या भाजीला घालावी. या शेवटच्या सूचनेचे स्मरण सिंहगडाच्या वाहनतळाजवळ हटकून होते. आज्ञापत्रात एकाही वीराची कथा नाही, आणि तरीही गडावर जे प्रत्यक्ष उरलेले आहे त्याचे सर्वाधिक स्पष्टीकरण याच ग्रंथातून मिळते. लोहगडाच्या एकामागून एक येणाऱ्या दरवाजांची नागमोडी वाट किंवा सिंहगडावरील देवटाके यांच्यापाशी आज्ञापत्र उघडले तर त्या जागा बोलू लागतात. पोवाडा हाती घेऊन तेथे गेल्यास त्या मुक्या राहतात.

पॅरिसच्या ईशान्येस, काँपिएनच्या अरण्याच्या काठी असलेल्या प्येरफाँच्या किल्ल्याशी तुलना केली तर हा फरक अधिक ठळक होतो. चौदाव्या शतकाच्या अखेरीस बांधावयास घेतलेला हा किल्ला १६१७ मध्ये राजाज्ञेने मोडण्यात आला. पुढे तो रम्य भग्नावशेष म्हणून नावाजला, आणि तिसऱ्या नेपोलियनच्या आश्रयाने व्हियोले-ल-द्यूक या वास्तुविशारदाने १८५७ पासून त्याची पुनर्रचना सुरू केली. जीर्णोद्धार म्हणजे वास्तूला अशा पूर्णावस्थेत नेणे की जी कदाचित कोणत्याही काळी प्रत्यक्षात नव्हती, या आशयाची त्याची व्याख्या विख्यात आहे. प्येरफाँला जाणाऱ्याला कल्पना करण्याचे श्रम पडत नाहीत. मनोरे आहेत, पूल आहे, रंगवलेली दालने आहेत. तेथे कल्पनेचे काम वास्तुविशारदाने आधीच उरकून टाकले आहे. साहित्याचा हात तेथेही नाही असे नाही. अलेक्सांद्र द्यूमाने आपल्या पोर्थोस या पात्राला प्येरफाँचीच जहागिरी बहाल केली होती, आणि तीही पुनर्रचनेच्या आधी. फरक एवढाच की फ्रान्समध्ये कादंबरीनंतर दगड आले, सह्याद्रीत कादंबरी आली आणि दगड होते तसेच राहिले. सिंहगडाचा 'जीर्णोद्धार' हरिभाऊंनी केला, आणि व्हियोले-ल-द्यूकच्या व्याख्येत तो तंतोतंत बसतो.

गडाच्या पायथ्याची माणसे या सर्व संहितांत कोठे आहेत, हा प्रश्न उरतो. गोपाळ नीलकंठ दांडेकर यांचे मराठी दुर्गलेखनातील वेगळेपण येथे आहे. 'दुर्गभ्रमणगाथा'सारख्या ग्रंथांत ते भक्त आणि भटके आहेत, इतिहासाच्या आवाहनाने भारावणारे आहेत. परंतु 'माचीवरला बुधा' किंवा 'पवनाकाठचा धोंडी' या कादंबऱ्यांत गड ही राहण्याची जागा आहे. राजमाचीच्या बुधासाठी माची म्हणजे स्मारक नाही, मुंबई सोडून परतण्याचे ठिकाण आहे. माचीवरचे झाड, जनावर, पाऊस आणि एकटेपण यांचे मिळून ते गाव होते. तोरण्यावरची मेंगाई, राजगडावरची पद्मावती यांना नवस बोलणाऱ्या मावळातल्या बाईला गडाचा लष्करी इतिहास ठाऊक असो वा नसो, गडावरचे पाणी उन्हाळ्यात कोणत्या टाक्यात टिकते हे तिला ठाऊक असते. शहरातून येणाऱ्याला पिठलंभाकर आणि मडक्यातले दही देणारी तीच असते, आणि वाट चुकली तर वाट दाखवणारीही. दांडेकरांनी दुर्गभ्रमणाच्या लेखनातून जे निसटले ते कादंबरीत धरले. एकाच लेखकाच्या हातून एकाच स्थळाचे दोन वाङ्मयप्रकारांत झालेले हे विभाजन स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

११ जुलै २०२५ रोजी 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. पुणे परिसरातील राजगड, लोहगड आणि शिवनेरी यांचा त्यात अंतर्भाव आहे, सिंहगडाचा नाही. यादीचा निकष लष्करी स्थापत्य आणि भूरचना यांचा आहे, म्हणजे थोडक्यात आज्ञापत्राच्या वाचनाचा आहे, पोवाड्याच्या नव्हे. ज्या गडाची कथा सर्वांत मोठी, तो यादीबाहेर राहिला याचे अनेकांना वैषम्य वाटले असल्यास नवल नाही. परंतु या यादीतील बारावे नाव तौलनिक अभ्यासकाने विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. ते जिंजीचे. बारापैकी महाराष्ट्राबाहेरचा हा एकच किल्ला.

जिंजीवर गेलेल्या माणसाला सभासदाची बखर आठवत नाही. तेथे ऐकू येते ती तेजसिंह बुंदेल्याची, तमिळ लोकगाथेतील 'देसिंगु राजा'ची कथा. अर्काटच्या नबाबाशी लढताना हा तरुण राजा १७१४ मध्ये मारला गेला. त्याच्या गाथेत त्याचा मुसलमान मित्र महाबतखान लग्नाच्या बोहल्यावरून उठून रणांगणाकडे निघतो, आणि राजाचा घोडा हे स्वतंत्र पात्र आहे. तुलसीदासाच्या पोवाड्यात मुलाचे लग्न टाकून निघणारा तानाजी आहे, आणि घोड्याच्या जागी घोरपड आहे. अर्ध्यावर राहिलेले लग्न, मनुष्याच्या बरोबरीने पराक्रम करणारा प्राणी आणि गडापाशी येणारा मृत्यू ही कथाघटकांची सांगड दोन भाषांत, एकमेकांशी दाखवता येण्याजोगा संबंध नसताना, इतकी सारखी का व्हावी याचा शोध अद्याप कोणी नेटाने घेतलेला दिसत नाही. तो घेताना मराठी आणि तमिळ या दोन्ही बाजूंच्या मौखिक आवृत्त्या मुळातून ऐकाव्या लागतील. ॲकवर्थ-शाळिग्रामांच्या छापील पाठावर भागणार नाही. आणि जिंजीच्या राजगिरीवर, जेथे कोंढाण्याची पहिली मराठी हकीकत लिहिणारा सभासद राजारामांच्या पदरी होता, तेथे देसिंगूच्या कथेच्या शेजारी त्याचेही नाव कोणत्या भाषेत आणि कोणत्या शब्दांत सांगावयाचे, हे मराठी अभ्यासकांना तमिळ अभ्यासकांबरोबर बसूनच ठरवावे लागेल.